आधी त्या कापडाला नुसता नंबर होता

समाजशास्त्र शिकलेल्या कोणालाही विचारा, 'परंपरेची निर्मिती' हा विषय निघाला की पहिले उदाहरण स्कॉटलंडच्या टार्टनचे येते. लाल-हिरव्या-निळ्या चौकड्यांचे लोकरी कापड, पुरुषांनी नेसायचा किल्ट, प्रत्येक कुळाचा ठरलेला नमुना. हे सारे हजार वर्षांचे वाटते आणि त्यातला बराचसा भाग जेमतेम दोन-सव्वादोनशे वर्षांचा आहे. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ साली संपादित केलेल्या प्रसिद्ध ग्रंथात ह्यू ट्रेव्हर-रोपर या इंग्रज इतिहासकाराने हे मांडले. आमच्या एम.ए.च्या वर्गात हा लेख शिकवला गेला तेव्हा वर्ग खदखदून हसला होता. चळवळीतल्या मुलामुलींना तर हे उदाहरण फारच आवडते. परंपरेच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्लेल्यांना कोणत्याही परंपरेचा फुगा फुटताना पाहून बरे वाटणारच.

पण त्या हसण्यावर थांबणे हा आमच्या मते बौद्धिक आळस आहे. टार्टन जुने की नवे, खरे की बनावट, हा त्यातला सर्वांत हलका प्रश्न. ते कापड कोणी कोणाला नेसवले आणि ते नेसून नाचताना कोणाची आठवण दडवली जाते, हे विचारायला हवे. स्कॉटलंडबाहेर, विशेषतः अमेरिका-कॅनडात, टार्टनचा जो उत्सव चालतो त्याकडे आम्हाला या नजरेने पाहायचे आहे.

दरवर्षी ६ एप्रिलच्या आसपास न्यूयॉर्कच्या सिक्स्थ ॲव्हेन्यूवरून किल्ट नेसलेल्यांची आणि बॅगपाइप वाजवणाऱ्यांची मिरवणूक निघते. हा 'टार्टन डे'. ही प्रथा स्कॉटलंडहून तिकडे गेली असे कोणालाही वाटेल, पण ती जन्मलीच मुळी बाहेर. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताने १९८७ साली हा दिवस प्रथम जाहीर केला, मग इतर प्रांत आले. अमेरिकेच्या सिनेटने २० मार्च १९९८ रोजी ठराव करून ६ एप्रिल हा राष्ट्रीय टार्टन दिन ठरवला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तो १ जुलैला असतो, त्या तारखेकडे पुढे येऊ.

६ एप्रिल का? कारण १३२० साली या तारखेला स्कॉटलंडच्या सुमारे चाळीस सरदार-उमरावांच्या नावाने पोपला एक लॅटिन पत्र गेले. 'आर्ब्रोथचा जाहीरनामा' म्हणून ते ओळखले जाते. इंग्लंडच्या राजाची सत्ता आम्ही मानणार नाही, असा त्याचा आशय. अमेरिकन सिनेटचा ठराव असे सांगतो की अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच पत्राच्या धर्तीवर बेतला होता. इतिहासकारांना त्याचा पुरावा सापडलेला नाही. आणि त्या पत्रातले स्वातंत्र्य हे जमीनदार उमरावांचे होते. त्यांच्या जमिनीवर राबणाऱ्याला त्यांनी विचारले असेल असे मानायला काहीच आधार नाही. चौकडीच्या कापडाचा तर या सगळ्याशी संबंधच नाही.

तो ठराव मांडणारे सिनेटर होते मिसिसिपीचे ट्रेंट लॉट. पुढे डिसेंबर २००२ मध्ये या लॉट महाशयांना सिनेटमधले पक्षनेतेपद सोडावे लागले. १९४८ साली वंशभेदाच्या बाजूने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या स्ट्रॉम थरमंड यांच्या त्या उमेदवारीचे त्यांनी जाहीर कौतुक केले होते. एका माणसाच्या तोंडून संपूर्ण उत्सवाचा न्याय करू नये, हे मान्य. तरी स्वातंत्र्याचा दिवस मागणारा आणि वर्णभेदाच्या उमेदवाराची आठवण काढणारा माणूस एकच आहे, ही नोंद आम्ही करून ठेवतो.

आता कापडाकडे. स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेचा डोंगराळ मुलूख म्हणजे हायलँड्स. तिथले लोक गेलिक बोलत. दक्षिणेच्या सपाट भागातले, इंग्रजीसदृश भाषा बोलणारे स्कॉट त्यांना रानटी, चोरटे, आळशी समजत. चौकडीचे कापड डोंगरी लोक वापरत होते यात शंका नाही, पण अमुक कुळाचा अमुक नमुना असा नियम नव्हता. त्या त्या भागातल्या विणकराला जे रंग मिळत, जे जमे, ते तो विणे. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने लढणाऱ्या हायलँडरांचा सरकारी फौजेने पराभव केला. (सरकारी फौजेतही स्कॉट होते, हायलँडरही होते. इंग्रज विरुद्ध स्कॉट असे सोपे चित्र सिनेमात असते.) मग कायदा आला. पुरुषांनी आणि मुलग्यांनी हायलँडचा पोशाख घालायचा नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. हा कायदा १ जुलै १७८२ ला रद्द झाला. ऑस्ट्रेलियातला टार्टन दिवस या तारखेचा, आणि आमच्या मते उमरावांच्या पत्रापेक्षा ही तारीख कितीतरी प्रामाणिक आहे. अंगावरच्या कपड्यासाठी तुरुंगात जाणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी लुगडे कसे नेसावे आणि अंगावर कोणता दागिना घालावा यावरून मार खाल्ला त्यांना वेगळे सांगायला नको.

पण या बंदीला एक अपवाद होता, आणि सगळी गंमत त्या अपवादात आहे. ब्रिटिश सैन्यात भरती झालेल्या हायलँडरला तोच पोशाख घालायची मुभा होती. गरिबाने घरी नेसला तर गुन्हा, साम्राज्यासाठी मरायला जाताना नेसला तर गणवेश! पस्तीस वर्षे ते कापड मुख्यतः पलटणींनी जिवंत ठेवले. बंदी उठली तोवर सामान्य माणसाची सवय मोडली होती आणि उमरावांना मात्र त्याची नव्याने हौस आली. १७७८ साली लंडनमध्ये हायलँड सोसायटी स्थापन झाली होती. १८१५ पासून तिने कुळप्रमुखांकडून 'तुमच्या कुळाचे टार्टन' गोळा करायला सुरुवात केली. प्रमुखांची पंचाईत झाली, कारण अनेकांना आपले टार्टन कोणते हे ठाऊकच नव्हते. बॅनकबर्न गावातली विल्सन कंपनी मोठ्या प्रमाणावर टार्टन विणत होती. तिच्या वहीत नमुने होते, काहींना नुसते नंबर होते. मागणी आली तशी नावे चिकटली.

१८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी राज्यावरचा राजा स्कॉटलंडमध्ये पाऊल ठेवत होता. सोहळ्याचे सूत्रधार कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट. त्यांनी सगळ्या शहराला टार्टन नेसायला लावले. ज्या दक्षिणेकडच्या लोकांनी कालपर्यंत डोंगरी माणसाला रानटी म्हटले तेही किल्ट शिवून घेऊन रांगेत उभे. धिप्पाड राजाने स्वतः किल्ट नेसला आणि खाली गुलाबी तुमान चढवली, व्यंगचित्रकारांनी त्याचे सोने केले. पुढे १८४२ साली सोबीस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधारे म्हणून कुळांच्या टार्टनचा ग्रंथ छापला. तो बनावट ठरला, पण त्यातले कित्येक नमुने आजही अधिकृत म्हणून विकले जातात. राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने बालमोरलच्या वाड्यासाठी खास टार्टन करवले. बस्स, फॅशन पक्की झाली. १९६९ साली अपोलो १२ मधून चंद्रावर गेलेल्या ॲलन बीन यांनी मॅकबीन कुळाच्या टार्टनचा तुकडा सोबत नेला होता. इतक्या अल्पवयीन परंपरेने इतका लांबचा प्रवास क्वचितच केला असेल.

इथवर ट्रेव्हर-रोपर यांचे म्हणणे बरेचसे पटते. किल्टचा आजचा आखूड प्रकार एका इंग्रज लोखंड कारखानदाराने रूढ केला, हा त्यांचा दावा इतर अभ्यासकांनी खोडून काढायचा प्रयत्न केला आहे. त्या वादात आम्ही पडत नाही. पण मित्रांनो, हे सांगणारा माणूस कोण होता तेही पाहा. आफ्रिकेला इतिहास नाही, तिथे आहे तो फक्त युरोपियांचा इतिहास आणि बाकी अंधार, असे १९६३ साली म्हणणारे हेच गृहस्थ. स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा मिळू नये या मताचेही तेच. आणि ज्या १९८३ साली त्यांनी स्कॉट लोकांच्या बनावट वारशाची टर उडवली, त्याच वर्षी हिटलरच्या म्हणून पुढे आलेल्या रोजनिश्या अस्सल असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. त्या तद्दन बनावट निघाल्या.

सांगायचा मुद्दा असा की 'तुमची परंपरा बनावट आहे' हे हत्यार दुधारी आहे. ज्याच्या हाती दप्तर, तो दुसऱ्याच्या आठवणीला बनावट ठरवतो. ज्यांच्या पूर्वजांना लिहूच दिले नाही त्यांच्याकडे जुना कागद कुठून येणार? तेव्हा परंपरा नव्याने घडवली म्हणून ती टाकाऊ, हा नियम आम्ही मान्य करत नाही. माणसे आठवणी घडवतात, सण घडवतात, त्यात गैर काही नाही. फक्त कोणासाठी आणि काय झाकून घडवल्या, हे तपासायचे.

ही तपासणी करायला ट्रेव्हर-रोपर यांच्याच लेखातली एक माहिती पुरेशी आहे. तिच्यावर ते एक वाक्य खर्चून पुढे जातात. मॅकफर्सन कुळाच्या प्रमुखाला जे टार्टन देण्यात आले ते तयार मालातून उचललेले होते. 'मॅकफर्सन' हे नाव लागण्याआधी त्या कापडाचे नाव होते 'किड'. का? तर वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांना घालण्यासाठी किड नावाच्या एका मळेवाल्याने ते ठोक विकत घेतले होते. आणि त्याही आधी त्याला नाव नव्हते, नुसता नंबर होता.

हे वाचून वर्गात सगळे हसले होते, कारण कुळाचा अभिमान आणि ठोक माल यांची जोडी विनोदीच आहे. आम्हाला आज त्यात हसू येत नाही. त्या मळ्यावर उसात राबणाऱ्या आफ्रिकन बायामाणसांच्या अंगावर ते कापड आधी आले. तेही बहुधा मालकाच्या वहीत नावानिशी कमी आणि आकड्यानिशी जास्त असतील. कापडाला पुढे नाव मिळाले, कूळ मिळाले, इतिहास मिळाला. ते अंगावर घातलेल्या माणसांचे काय झाले, याचा शोध 'वारसा' या शब्दात बसत नाही.

हे एकटदुकट प्रकरण नव्हते. स्कॉटलंडमध्ये विणलेले ओस्नाबर्ग नावाचे जाडेभरडे ताग्याचे कापड कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत गुलामांच्या कपड्यांसाठी भरभरून जात असे. जमैकातल्या मळ्यांवर स्कॉट मालक, मुकादम, हिशेबनीस इतके होते की कँपबेलसारखी आडनावे आजही तिथे जागोजागी आहेत. समतेचा कवी म्हणून गाजलेले रॉबर्ट बर्न्सही १७८६ साली मळ्यावर नोकरी करायला जमैकाला निघायच्या बेतात होते. कविता खपल्या म्हणून राहिले. जगभरच्या स्कॉटिश मंडळांत दरवर्षी जानेवारीत त्यांच्या नावाने जेवणावळी उठतात, तेव्हा हा जमैकाचा बेतही ताटावर वाढला जावा, इतकीच आमची अपेक्षा.

आता हे ज्यांनी विकत घेतले आणि ज्यांनी सोसले त्यांच्या मधल्या माणसाकडे येऊ. मराठीत 'कूळ' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक घराणे, आणि दुसरा म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. कूळकायद्यातले कूळ ते हे. हायलँड्समध्ये काय घडले हे सांगायला इतका नेमका शब्द इंग्रजीतसुद्धा नाही. गेलिकमध्ये 'क्लान' म्हणजे लेकरे. डोंगरातला गरीब शेतकरी समजत होता की आपण पहिल्या अर्थाचे कूळ आहोत. प्रमुख आपला बाप, जमीन सगळ्यांची, तलवार त्याच्यासाठी उचलायची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रमुखांच्या लक्षात आले की कायद्याच्या कागदावर ही सगळी लेकरे दुसऱ्या अर्थाची कुळे आहेत. आणि कुळाला बेदखल करता येते. माणसांच्या खंडापेक्षा मेंढरांची लोकर जास्त पैसा देते, हे एकदा कळल्यावर मग बापपणा किती टिकणार?

सदरलँडच्या सरदारिणीच्या जहागिरीत १८१४ साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातली घरे जाळून लोकांना हुसकावले. कारभारी पॅट्रिक सेलरवर १८१६ मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. कार्ल मार्क्स यांनी 'कॅपिटल'मध्ये लिहिले आहे की १८१४ ते १८२० या काळात तिथल्या सुमारे १५,००० माणसांना पद्धतशीरपणे उखडले आणि त्यांच्या शेतांची कुरणे केली. १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'मध्येही ते यावर तुटून पडले होते. कारण त्याच घराण्याची सून, नवी डचेस, तेव्हा अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध आवाहने काढण्यात पुढे होती. गुलामगिरीला विरोध करणे चांगलेच. पण आपल्या घरची संपत्ती कोणाच्या जळलेल्या घरांवर उभी आहे, हे तिला कोणी तरी विचारायला हवे होते, आणि मार्क्स यांनी ते विचारले.

ग्लेनगॅरीचा प्रमुख अलास्टेर मॅकडोनेल हा तर या सगळ्या नाटकाचा नायकच. १८१२ च्या सुमाराचे त्याचे रेबर्न यांनी काढलेले चित्र जगभर छापले जाते. टार्टन, बंदूक, ऐट. १८१५ साली त्याने 'खऱ्या हायलँडरांची' संस्था काढली. आणि याच इसमाने आपल्या जमिनीवरची माणसे काढून मेंढरे आणली. खरे हायलँडर तोवर कॅनडाच्या जहाजात बसले होते. आज ओंटारियो प्रांतात ग्लेनगॅरी नावाची काउंटी आहे आणि तिथे दरवर्षी मोठे हायलँड खेळ भरतात.

बारा आणि दक्षिण उइस्ट या बेटांचा मालक जॉन गॉर्डन ऑफ क्लूनी याने १८५१ साली दीड हजारांहून जास्त बेटवासीयांना जहाजांत भरून कॅनडाला धाडले. लपलेल्यांना हुडकून, बांधून चढवल्याच्या साक्षी आहेत. हाच गॉर्डन टोबॅगो बेटावर गुलामांचा मालक होता. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, ती मालकांना, गुलामांना छदामही नाही. गॉर्डनला त्यातला वाटा मिळाला. म्हणजे कॅरिबियन बेटावरचा काळा गुलाम आणि स्कॉटिश बेटावरचे गोरे कूळ यांचा मालक एकच होता. या दोघांच्या वंशजांनी एकत्र येऊन पाळावा असा एक दिवस असता तर आम्ही त्याला सलाम केला असता.

तसे झाले नाही. का झाले नाही, हे नोव्हा स्कोशियात चांगले दिसते. नावाचाच अर्थ नवा स्कॉटलंड. १७७३ साली 'हेक्टर' हे जहाज हायलँडरांना घेऊन पिक्टूच्या बंदराला लागले. सगळेच बेदखल होऊन आले असे नाही, काही जण वाढत्या खंडाला कंटाळून, चांगल्या जमिनीच्या आशेने आपणहून आले. पण जमीन मोकळी नव्हती. ती मिगमाव लोकांची होती. बेदखल झालेल्यांनी येऊन दुसऱ्यांना बेदखल केले. आम्हाला हे लिहिताना बरे वाटत नाही, पण शोषित माणूस दुसऱ्याच्या बाबतीत आपोआप न्यायी होतो हा भ्रम ठेवण्यात अर्थ नाही.

या प्रांतात गेलिक भाषा कित्येक पिढ्या घराघरांत होती. शाळेत ती बोलली की मुलांना छडी मिळे. आई-बापांनीच मग मुलांशी इंग्रजी धरली. भाषा मरत चाललेली असताना सरकारला संस्कृतीचा उमाळा आला. प्रांताचे प्रीमियर अँगस एल. मॅकडोनाल्ड यांच्या कारकिर्दीत पर्यटकांसाठी सीमेवर किल्टवाला बॅगपाइपर उभा राहिला. १९५३ साली बेसी मरे यांनी निळा, हिरवा, पांढरा, सोनेरी, लाल अशा रंगांचे प्रांताचे टार्टन तयार केले. इतिहासकार इयान मॅके यांनी या सगळ्या प्रकाराला 'टार्टनिझम' असे नाव दिले आहे. मिगमाव, फ्रेंच अकेडियन आणि काळे लोक राहत असलेल्या प्रांताला एकाच रंगीत चौकडीत बसवण्याचा तो उद्योग होता.

याच मॅकडोनाल्ड यांच्या राज्यात, याच पिक्टू काउंटीत न्यू ग्लासगो नावाचे गाव आहे. ८ नोव्हेंबर १९४६ रोजी व्हायोला डेस्मंड ही काळी व्यावसायिक महिला तिथल्या रोझलँड थिएटरात खालच्या, गोऱ्यांसाठी राखलेल्या खुर्चीवर बसली. उठायला नकार दिला म्हणून तिला ओढून बाहेर काढले, रात्रभर कोठडीत ठेवले. खटला कशाचा? वरच्या आणि खालच्या तिकिटाच्या करमणूक करातला फरक एक सेंट होता, तो चुकवल्याचा. गुन्ह्यात 'काळी' हा शब्दच नव्हता. जात न लिहिता जात पाळण्याची ही कला आमच्या वाचकांना परकी नाही. आणि १९६४ ते १९७० या काळात, टार्टनची दुकाने जोरात असताना, हॅलिफॅक्स शहराने आफ्रिकव्हिल ही काळ्यांची जुनी वस्ती बुलडोझरने पाडली. त्यांचे चर्च रात्री पाडले. सामान कचऱ्याच्या गाड्यांतून हलवले. स्ट्रॅथनेव्हरच्या जळलेल्या घरांवर गाणी गाणाऱ्यांच्या प्रांतात हे घडले. शहराने माफी मागितली ती २०१० मध्ये.

अमेरिकेच्या दक्षिणेत हे कापड आणखी वेगळ्या माणसांच्या हाती गेले. वॉल्टर स्कॉट यांचे 'द लेडी ऑफ द लेक' हे १८१० चे दीर्घकाव्य तिकडे घरोघरी वाचले जाई. गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक बेली या तरुणाला नवे आडनाव हवे होते. त्याला आसरा देणाऱ्या माणसाने हेच काव्य वाचून 'डग्लस' सुचवले. तेच पुढे फ्रेडरिक डग्लस. १८४६ मध्ये ते स्कॉटलंडभर फिरले आणि गुलाममालकांकडून देणगी घेणाऱ्या तिथल्या फ्री चर्चला 'पैसे परत करा' असे ठणकावत राहिले. चर्चने परत केले नाहीत. आणि त्याच काव्यात कुळांना लढाईला बोलावण्यासाठी पेटता क्रूस फिरवण्याचा प्रसंग आहे. टॉमस डिक्सन या वर्णद्वेष्ट्या लेखकाने १९०५ च्या 'द क्लॅन्समन' या कादंबरीत तो कू क्लक्स क्लॅनच्या हाती दिला. तिच्यावर १९१५ मध्ये 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट निघाला आणि त्या वर्षी पुन्हा उभ्या राहिलेल्या क्लॅनने खरोखर क्रूस पेटवायला सुरुवात केली. एका कवितेतून एकाने माणूस म्हणून उभे राहण्यासाठी नाव घेतले, दुसऱ्याने त्याला जाळायला मशाल घेतली. वारसा हा असा असतो. तो कोणाच्या हाती आहे ते पाहिल्याशिवाय त्याला चांगले-वाईट म्हणता येत नाही.

नॉर्थ कॅरोलिनातले ग्रँडफादर माउंटनचे हायलँड खेळ १९५६ साली सुरू झाले. तेव्हा माँटगोमेरीत काळ्या लोकांचा बसवरचा बहिष्कार चालू होता. एकामुळे दुसरे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण मानववंशशास्त्रज्ञ सेलेस्ट रे यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की दक्षिणेत कलोडनचा पराभव आणि गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा पराभव या दोन आठवणी एकमेकींत मुरल्या आहेत. आम्ही हरलेले, आम्हीच पीडित, हा भाव टार्टनमधून फुकट मिळतो. तो ज्याला मिळाला त्याला मग मळ्यावरच्या गुलामाकडे पाहावे लागत नाही.

हे सगळे इतके दूरचे नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रणांगणावर, आजच्या जालना जिल्ह्यात, मराठ्यांशी लढलेल्या इंग्रज फौजेत ७४ वी आणि ७८ वी या हायलँड पलटणी होत्या. १८५७ नंतर हायलँडर, शीख आणि गुरखा या तिघांना ब्रिटिशांनी 'लढाऊ वंश' म्हणून मखरात बसवले. किल्ट आणि बॅगपाइप हे त्या मखराचे दागिने. आजही भारतीय लष्कराच्या पाइप बँडमध्ये ते वाजतात. आणि काही वंश जन्माने लढाऊ ठरले की बाकीचे जन्माने नालायक ठरतात, हे गणित आपल्याला पाठ आहे. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात हा सिद्धान्त धोरण बनला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती थांबली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली केला. ज्या वर्गीकरणाने स्कॉटलंडच्या बेदखल शेतकऱ्याच्या अंगावर अभिमानाचे टार्टन चढवले, त्याच वर्गीकरणाने आपल्या पूर्वजांच्या अंगावरचा गणवेश उतरवला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले.

कोणी म्हणेल, वर्षातून एकदा माणसे आजोबांच्या आठवणीने नाचतात, त्यांच्या मिरवणुकीत तुम्ही कशाला विरजण घालता? नाचू द्यावे. परक्या मुलखात आडनावाशिवाय काहीच न उरलेल्या माणसाला एक कापड आधार देत असेल तर त्याची टिंगल आम्ही करणार नाही, ती ट्रेव्हर-रोपर यांनी भरपूर केली आहे. शिवाय हे कापड बंदिस्तही राहिलेले नाही. २००९ पासून स्कॉटलंडमध्ये सरकारी टार्टन नोंदवही आहे, फी भरून कोणीही नवा नमुना नोंदवू शकतो. स्कॉटलंडच्या शिखांनी, ज्यूंनी, मुसलमानांनी आपापली टार्टन केली. २०२५ मध्ये चेटकिणींचे टार्टन आले. १५६३ ते १७३६ या काळात जादूटोण्याच्या कायद्याखाली छळून मारलेल्या, बहुतेक गरीब बायांच्या आठवणीसाठी. त्यात काळा आणि राखाडी अंधाराचा नि राखेचा, लाल रक्ताचा, गुलाबी सरकारी कागद बांधायच्या फितीचा. मनात आणले तर चौकडीत खरा इतिहास विणता येतो, हे त्या बायांच्या वारसदारांनी दाखवले आहे. मॅकफर्सन टार्टनच्या माहितीपत्रकात 'किड' आणि त्याच्या मळ्यावरची माणसे यांच्यावर दोन ओळी छापायला तर नवे कापडही विणावे लागणार नाही.

आपले काही मित्र शिकायला एडिंबरो-ग्लासगोला आहेत, काही टोरांटो-हॅलिफॅक्सला. त्यांनी या मिरवणुकांना जरूर जावे, बॅगपाइप ऐकावा. पिक्टूला 'हेक्टर' जहाजाची प्रतिकृती आहे, तीही पाहावी. आणि पाहून झाले की तिथून जवळच न्यू ग्लासगो आहे, तिकडे जाऊन रोझलँड थिएटर कुठे होते ते विचारावे. पत्ता कळेना झाला तर खिशातली दहा डॉलरची नोट काढून दाखवावी. २०१८ पासून तिच्यावर व्हायोला डेस्मंड आहेत.